पाकल्याचा मग

दसरा, १९८६

बार उघडला एकदाचा. नारळ फोडला, बाटल्यांना हळदकुंकू लावलं. पाटीवर नाव ‘देवकी बार’. बायको दारात उभी राहून म्हणाली, “दारवेच्या दुकानाक माजा नाव? लाज कशी वाटणा नाय तुमका?” म्हटलं, इतकी वर्षं मला चढतेस, आता गिऱ्हाइकांना चढ. लाजली. या वयात!

ही वही सिद्धेशने दिली. पोरगा डिचोलीच्या खाणीवर ट्रकांच्या फेऱ्या मोजायला असतो, शनिवारचा घरी येतो. “बाबा, गिऱ्हाईक नसेल तेव्हा लिहीत बसा, म्हणजे भांडणार नाही.” बापाला शहाणपण शिकवतो. पण वही बरी आहे.

मांद्र्यात समुद्राकडे चार बार झालेत, माझा पाचवा. मग माझ्याकडे लोकांनी का यावं? तर माझ्याकडे फळी आहे म्हणून. बाप रेंदेर, माडावर चढून सूर, म्हणजे माडी, काढणारा, आणि त्याच्या खोपटातली प्यायची सगळी भांडी मी जपून ठेवली होती. ती आज फळीवर मांडली. सूर उतरवायचं दुदिणं, म्हणजे वाळवलेला पोकळ भोपळा. सावंतवाडीकडून खाणीवर जाणारे मजूर प्यायचे ती करटी, नारळाची करवंटी. ती बाहेर खुंटीला असायची, आत यायची नाही. गाववाल्यांच्या मातीच्या वाट्या. मास्तराचा काचेचा कोप. माडांचा मालक भाटकार तर घरून चांदीचा पेला घेऊन यायचा. बाप म्हणायचा, “सूर एकाच माडाची रे, भांडां बगून माणूस कळता.”

आणि मधोमध पाकल्याचा मग. तेरेखोलच्या किल्ल्यावर एक पाकलो होता, पोर्तुगीज शिपाई. बापाच्या सुरेवर त्याचा भारी जीव. गोवा सुटला तेव्हा जाता जाता त्याने हा बापाच्या हातात दिला. राखाडी धातू, ना चांदी ना कथील, झाकणवाला, आणि हातात घेतला की जड. बुडाला भोक, म्हणून बाप त्यात विड्या ठेवायचा.

२९ ऑक्टोबर

हेल्मुट नावाचा एक जर्मन रोज येतोय. उंच, लाल, उन्हात करपलेला. आज बियर घेतली आणि फळीपुढे देवळात उभं राहावं तसा उभा राहिला. मग जी टकळी सुरू झाली! त्याच्या मुलखात बियर आधी मातीतून प्यायचे म्हणे. मग लाकडाच्या पिंपुकल्यातून. गरीब लोक चामड्याला डांबर फासून त्यातून प्यायचे, सरदार बैलाच्या शिंगातून. पुढे कथलाचे मग आले. झाकण का, तर माशांसाठी. शेवटी काच आली आणि लोकांना दिसलं की आपण काय गढूळ पितोय. म्हणजे तिकडेही आमच्यासारखंच, भांडं बघून माणूस. मला फार बरं वाटलं.

पाकल्याचा मग त्याने हातात घेतला. नखाने खरवडला. मग वर्तमानपत्रावर बुड घासलं तर पेन्सिलीसारखी काळी रेघ उठली. मान हलवून म्हणाला, “हा भिंतीसाठी. पिण्यासाठी नाही.” दोनदा म्हणाला.

आता बघा. बाप माझा, मग माझा, बार माझा, आणि कसा वापरायचा ते हा सांगणार! भोक बघून म्हणाला असेल. भोक काय, बुजवता येतं.

पाडवा, दिवाळीचा

परवा नरकासुर जाळला, पोरं अजून झोपाच काढतायत, गाव थंड. मी तेव्हापासून मगाच्या मागे.

गुरुदास पागी माझा लहानपणापासूनचा मित्र. त्याच्या फाटक्या जाळ्याची शिशाची वजनं मागून आणली. “तुका कित्याक शिशां? मासो धरतलंस?” म्हटलं, मोठा मासा धरणार आहे. शिसं मऊ. चुलीपाशी बसून दगडाने ठोकून ठोकून पापडासारखं केलं, मगाच्या बुडात बसवलं, कडा वरपर्यंत दाबून घेतल्या, भोकात शिशाचीच मेख मारली. होडीच्या फटीत भरतात ती राळ बाहेरून फासली. पाणी भरून ठेवलं. थेंब नाही! आपला हात जगन्नाथ.

मी काही मूर्ख नाही. तांब्यापितळेत आंबट ठेवलं की कळकतं, हिरवं होतं, माणूस ओकून ओकून मरतो, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. म्हणून परीक्षा घेतली. सूर भरून दिवसभर झाकून ठेवली. हिरवं नाही, निळं नाही. चव घेतली तर काय सांगू! शिळी सूर म्हणजे आंबटढाण, पण ही गोड. देवकीला दिली, तिने नाक मुरडून बोट लावलं आणि म्हणाली, “गे बाय! खरीच गोड लागता.” पाकलो उगीच प्यायचा नाही यातून.

१६ नोव्हेंबर

गिऱ्हाइकं आता फळी बघायला येतात. गोरे फोटो काढतात. पाकल्याचा मग मागतात, पण तो मी कुणाला देत नाही. करटीतून प्या, वाटीतून प्या, हौस असेल तर दुदिण्यात तोंड घाला. मगातून फक्त मालक पिणार. दुपारी सूर भरून झाकतो, संध्याकाळपर्यंत ती मुरते, मग मी खुर्चीत बसून पितो. बापाने अख्खा जन्म माडावर काढला. मी खाली बसून पाकल्याच्या मगातून पितोय. बाप असता तर बघून हसला असता.

नात गंगा मांडीवर येऊन बसते. माझ्या आईचं नाव तिचं. अजून नीट बोलत नाही, पण मगाचं झाकण उघडून टप्पकन मिटायला आवडतं. “आजो, टप!” सबंध दिवस टप.

७ डिसेंबर

पोट धरून बसलोय. चार दिवस शौचाला नाही, आणि मग बेंबीभोवती कुणी दोर पिळावा तशी कळ. एरंडेल झालं, ओवा झाला. देवकीचा गुडघा धरल्यापासून स्वयंपाक सुनेकडे आलाय. गौरवी साखळी गावची, बारावी झालेली. आमच्याकडे माशांच्या हुमणात त्रिफळं, तिच्याकडे आणखी काहीबाही. मी म्हटलं, तुझ्या हातचं मला पचत नाही. तोंड उतरलं तिचं. मग वाईट वाटलं, पण बोललो नाही.

२२ डिसेंबर

भाषेवरून सगळा गोवा पेटलाय. झाडं पाडून रस्ते अडवलेत, बस नाही. त्याआधीच सिद्धेशने मला आणि देवकीला म्हापशाला डॉक्टरकडे नेलं ते बरं झालं. डॉक्टर पोरगेलासा, पण तपासलं मन लावून. ओठ उलटून हिरड्या पाहिल्या. दातांच्या मुळाशी निळीकाळी रेघ आली आहे, मी म्हटलं मशेरीची असेल. हात पुढे करायला लावले. मग विचारतो, “शिशाचं काम करता का? छापखाना? बॅटऱ्या? रंग?”

मला हसू आलं. “डॉक्टर, मी बारवाला. छापखाना कुठून आणू?”

“दारू किती?”

खरं त्याच्या निम्मं सांगितलं. देवकीने शेजारून डोळे वटारले. डॉक्टर म्हणाला दारू आजपासून बंद, आणि रक्त तपासायला पणजीला जा. पणजीला जातो कसा, उडत? रस्ते उघडेपर्यंत पोट आपोआप बरं होईल. उंटावरचे शहाणे सगळे.

१० जानेवारी, १९८७

रस्ते उघडले तरी पणजीला गेलो नाही. सीझन ऐन रंगात आहे, बार कुणावर टाकू? शिवाय सुया मला आवडत नाहीत. लिहून टाकलं.

तोंडाला सतत पैशाची चव. रंग राखेसारखा झालाय, देवकी म्हणते. हेल्मुट गेला आपल्या देशात. जाताना फळीवर मग नाही हे पाहून त्याने विचारलं, मग कुठे? मी टेबलाखाली ठेवलेला काढून दाखवला, आत सूर. तो कितीतरी बोलला, भराभर, अर्धं जर्मनमधून. मी मान डोलावली. चांगला माणूस, पण दुसऱ्याच्या घरात फार लक्ष घालतो.

२० जानेवारी

उजवा हात दगा देतोय. बाटली उचलली आणि मनगट गळालं. माडाची झावळ मोडून लोंबते तसं. बाटली फुटली, गोरी बाई किंचाळली. मला भीती वाटतेय. इथे लिहितो, कुणाला सांगायचं नाही. बापाचे हात मरेपर्यंत माडाला घट्ट धरायचे. माझे हात गेले तर मी कोण?

आणि एक विचार डोक्यातून जात नाही. सगळे तेच जेवतात, मग मलाच का? माझं ताट वेगळं वाढून ठेवलेलं असतं, कारण मी बार मिटून उशिरा जेवतो. कोण वाढून ठेवतं? सून. बार उघडू नका, गंगा दारूड्यांत वाढेल, असं कोण म्हणालं होतं? सून.

२५ जानेवारी

झालं ते झालं. शनिवार होता, सिद्धेश घरी. ताट पुढे आलं, मी सरकवलं. म्हटलं, “आधी तू खा यातला घास.”

 गौरवी खाली बसली आणि माझ्या ताटातला घास घेतला, आणखी एक घेतला, डोळ्यांतून पाणी ओघळतंय आणि खातेय. म्हणाली, “बाबा, माझ्या जेवणात विष असतं तर गंगाक हेच भरवलं असतं? तुमी ती दारू सोडा. डॉक्टरान सांगितलां, मी सांगतंय. पायां पडतंय तुमच्या.”

मी ओरडलो, “विष हा शब्द मी काढलाच नव्हता! चोराच्या मनात चांदणं!”

सिद्धेश उठला. मला वाटलं मारतो. नाही मारलं. बॅग भरली, बायकोला आणि पोरीला घेऊन सकाळच्या पहिल्या बसने साखळीला गेला. गंगा त्याच्या खांद्यावरून हात हलवत “आजो, टप” म्हणत होती. तिला वाटलं फिरायला चाललीय.



६ फेब्रुवारी

डाव्या हाताने लिहितोय. अक्षर कोंबडीचं. कोकणी राजभाषा झाली, मराठीलाही वापर म्हणे, बारमध्ये त्यावरून खुर्च्या उचलल्या. मी बोलतो कोकणी, लिहितो मराठी, शिव्या दोन्हींत. आज कुठलंच सुचत नाही.

सून गेली, स्वयंपाक देवकीचा, तरी पोट तसंच. मग सुनेचं नव्हतं तर. हे मी आधी लिहायला नको का होतं? आता लिहिलं.

२० फेब्रुवारी

देवकी आल्यालिंबाचा काढा देते, दिवसातून दोनदा. कशातच चव नाही, फक्त मगातून घेतला तर गोड लागतो, म्हणून मगातूनच घेतो. बिचारी काढा सकाळीच मगात भरून ठेवते. काल म्हणाली, “तुमका कायबी जालां तर मी त्या पाटयेकडे बगान कशी?” रडली. मीही रडलो. दोघं म्हातारे ओट्यावर बसून रडत होतो, गुरुदास मासे घेऊन आला तो तसाच परत गेला.

महाशिवरात्रीनंतर

देवळात मूर्तीला फुलाच्या पाकळ्या चिकटवून कौल लावला. मला धरून नेलं, पायऱ्या चढवेनात. पुजाऱ्याने गाऱ्हाणं घातलं, “ह्या तुझ्या लेकरान काय चुकलां आसात तर सांग.” विचारलं, करणी? पाकळी हलली नाही. विचारलं, दारू? उजवी पाकळी पडली. लगेच, टपकन.

देवाने सांगितलं, डॉक्टरने सांगितलं, सुनेने सांगितलं. रेंदराच्या पोराने सूर सोडायची! पण सोडली. देवापुढे हात ठेवून सोडली, थेंब घेणार नाही. काढाही बंद करा म्हटलं, त्या काढ्याने बरं नाही वाटत. घरी येऊन मग धुतला, फळीवर पालथा ठेवला. हातातून सोडवेना. बार गुरुदासचा भाचा बघेल.

शिगम्याच्या दिवसांत

ढोल वाजतायत आणि मी पेज प्यालो, दोन वाट्या, आणि ती पोटात राहिली. कळ येते पण दोर सैल झालाय. शौचाला साफ. असं वहीत लिहितात का? मी लिहिणार.

दारूच होती तर. बापाला नव्वदीपर्यंत काही झालं नाही आणि मला झालं. ज्याचं त्याचं रक्त.

१९ एप्रिल

उजव्या हाताने लिहितोय! वाकडं, पण उजव्या. बोटं वर होतात, मनगट अजून कुरकुरतं.

आज साखळीला गेलो, एकटाच, दोन बस बदलून. विहीणबाई चंद्रावती दारात होत्या. ‘या’ म्हणाल्या नाहीत आणि ‘जा’ही म्हणाल्या नाहीत. गौरवी मागच्या दारी कपडे धूत होती. मी जाऊन तिच्यासमोर दगडावर बसलो. रस्ताभर बोलणं जुळवलं होतं, सगळं विसरलो. म्हटलं, “बाय, मी चुकलंय. तुज्यार आळ घेतलो. माज्या जिभेक किडे पडूंक जाय.”

ती म्हणाली, “बाबा, असं बोलू नकात.”

“तू सांगितलंस तां केलां. दारू सोडली. बग हात.” मी हात पुढे केला, बोटं उघडली, मिटली. तिने साबणाच्या हाताने माझा हात धरला. मग मला आवरलंच नाही. गंगा कुठून तरी धावत आली आणि मला ओळखलं पोरीने. तीन महिने झाले, तरी ओळखलं!

गौरवीची एकच अट, घरात दारू नको. बार बारकडे, घर घराकडे. मी म्हटलं, तू सांगशील ती पूर्व.

३ मे

घर भरलं. सिद्धेश अजून तुटक बोलतो, पण काल माझ्या ताटात स्वतःच्या हाताने मासा वाढला.

गंगा आल्या आल्या फळीपुढे उभी राहून “टप, टप.” मग खाली काढला. तो नुसता पडून होता ते माझ्याही जिवाला लागत होतं. म्हटलं, आजोने सोडलं म्हणून मगाने काय पाप केलं? गौरवी म्हणाली, “त्याला दारूचा वास असेल.” खरं आहे तिचं. म्हणून राखेने घासला, चिंचेने घासला, लिंबाचं पाणी भरून एक दिवस ठेवला, ऊन दाखवलं. असा लखलखला! गौरवीने नाक लावून पाहिलं, वास नाही. हसली. तिला हसताना बघून माझे डोळे भरले.

गंगाला त्यातून आमसुलांचं सरबत दिलं, गूळही कमीच घातला होता. दोन्ही हातांनी मग धरून गटागट. “गोड!” म्हणाली. मला माहीतच होतं.

१८ मे

उन्हाळा भयंकर. आमसुलं रोज रात्री मगातच भिजत घालतो, सकाळी कुस्करून दिली की पोरगी दिवसभर त्याच्या मागे. माझी खुर्ची, माझी मांडी, माझा मग. मी तिला पाकल्याची गोष्ट सांगतो, करटीची सांगतो. म्हटलं, तुझा पणजा माडावर चढायचा, आजो खाली बसला, तू कुठे बसणार? तिने माझ्या डोक्याकडे बोट दाखवलं. देवकी हसून हसून बेजार.

३० मे

गोवा राज्य झालं. गावात फटाके, बारमध्ये पेढे, गुरुदास नाचला. मला कोपभर बियर पुढे केली, मी हात जोडले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. एवढा मान मला दारू पिऊन कधी मिळाला नाही.

गंगाला फटाके दाखवायला खांद्यावर घेतलं तर रडायला लागली. हल्ली चिडचिड करते. जेवत नाही. ऊन बाधलं असेल, नाहीतर सुळे येत असतील.

१५ जून

पाऊस लागलाय, गोरे गेले, बार रिकामा. गंगाचं पोट धरलंय. गुडघे पोटाशी घेऊन पडून राहते, फिकी झाली आहे. काल चालताना दोनदा पडली. “आजो” म्हणते, बाकीचे शब्द विसरल्यासारखे. गौरवी घाबरली आहे. तिला म्हटलं, बाय, घाबरू नकोस, मी यातून गेलोय, पोटाचं दुखणं माझ्याइतकं कुणाला कळतं? पाऊस जरा उघडला की म्हापशाला नेतो. सिद्धेशला निरोप धाडलाय.

आईने भरवलं तर ओकते. वाटीतून पाणी दिलं, ढकललं. काचेतून दिलं, ढकललं. मग मी मांडीवर घेतली, झाकण टप केलं, तर एवढंसं हसली आणि मगातलं सगळं प्याली. गौरवी म्हणाली, “बाबा, तुमच्याकडूनच घेते हो ती. तुमी होतात म्हणून.” तिने माझ्या पायाला हात लावला. माझ्या. जानेवारीत मी तिला काय बोललो होतो आणि आज हे.

उद्यासाठी आमसुलं जास्त भिजत घातली आहेत. दुसऱ्या कशातून पीतच नाही पोरगी. अगदी माझ्यावर गेलीय.